टिळक जन्मस्थान : जांभा, चुना आणि कौलांचं साधं घर जपायचं कसं?

रत्नागिरी : शहरातल्या टिळक आळीत उतरत्या कौलारू छपराचं एक घर आहे. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म इथला. आज हे घर राज्य संरक्षित स्मारक आहे. पहिल्यांदा बघायला येणाऱ्याला वाटतं, एवढंच? एवढ्या मोठ्या माणसाचं घर म्हणजे वाडा असेल, चौक असेल, दिंडी दरवाजा असेल. तसं काही नाही. आपल्याकडे गावोगाव दिसतात तशांपैकीच हे एक घर.

पण हे 'एवढंच' असणं हीच त्याची किंमत आहे, आणि अशी घरं जपणं किल्ल्यापेक्षा अवघड का असतं, हे समजून घ्यायला हवं. कारण जिल्ह्यात अशी घरं आणखी आहेत. काही मोठ्या माणसांची, बरीचशी आपली स्वतःची.

साधेपणा हाच पुरावा

टिळकांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक. संस्कृत आणि गणित या विषयांत त्यांची गती होती, त्रिकोणमितीवर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं. १८६६ मध्ये बदलीमुळे कुटुंब पुण्याला गेलं, तेव्हा टिळक दहा वर्षांचे होते. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा, १८९५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचं सभासदत्व, १८९७ मध्ये राजद्रोहाचा पहिला खटला.

हे सगळं पुस्तकात वाचता येतं. पण त्या काळी कोकणातल्या शिक्षकाचं घर केवढं असायचं, ओटी किती रुंद, माजघरात उजेड किती, हे पुस्तकात नीट कळत नाही. त्यासाठी घरच उभं लागतं. तिथे मोठा हॉल बांधला, संगमरवर बसवला, तर टिळकांचा मान वाढेल असं काहींना वाटतं. प्रत्यक्षात त्याने पुरावाच पुसला जाईल.

याच शहरात थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८५ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमारास तयार झाला. त्याच सुमारास, १९०८ च्या शिक्षेनंतर, टिळक ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, असा तो योग.

राजवाडा बघितला की कुणालाही कळतं की हे जपायला हवं. त्याला हात लावायला माणूस चार वेळा विचार करतो. साध्या घराचं तसं नाही. ओटीला लाद्या घाला, पडवीवर पत्रा टाका, जुना दरवाजा काढून ग्रील लावा, कुणाला काही चुकीचं वाटत नाही. पाच-पन्नास वर्षांत घर उभं राहतं, पण जुनं त्यात काही उरत नाही.

पहिला शत्रू पाऊस

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वरून धार आणि बाजूने झड. म्हणून कोकणातल्या जुन्या घरांचं छप्पर उतरतं, पाखी लांब बाहेर काढलेली, जोतं उंच आणि भोवती पडवी. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडलं पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशोब.

या रचनेला दरवर्षी हात लागतो. मिरगाच्या आधी घर शाकारायचं, म्हणजे कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा आणि वासे तपासायचे, पन्हळीतला पाला काढायचा. एक कौल सरकलं तरी तेवढ्या फटीतून चार महिने पाणी एकाच वाशावर पडतं. वासा कुजतो, तिथे वाळवी येते, मग भार शेजारच्या वाशावर जातो. छप्पर एका दिवसात बसत नाही, ते असं हळूहळू बसतं.

राहत्या घरात हे लगेच कळतं. रात्री अंथरुणावर थेंब पडला की माणूस भांडं ठेवतो आणि उघडीप मिळाली की वर चढतो. स्मारकात रात्री कुणी झोपत नाही. चूलही पेटत नाही. चुलीच्या धुराने माळ्याचं लाकूड कोरडं राहायचं, कीड कमी लागायची. रोजच्या झाडलोटीत आणि शेणाच्या सारवणात भिंतीच्या कडेला आलेली वाळवीची मातीची नळी नजरेला पडायची. माणूस निघून गेला की घराची ही रोजची देखभाल बंद होते. स्मारक झालेल्या घराला म्हणूनच राहत्या घरापेक्षा जास्त लक्ष लागतं.

सिमेंट का नको?

जांभा दगडाला बारीक छिद्रं असतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर राहून घट्ट होतो. पाणी तो शोषतो आणि ऊन पडलं की सोडतोही. जुने गवंडी त्याला चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करत. चुना ओल अडवून ठेवत नाही, बाहेर जाऊ देतो.

सिमेंट तसं करत नाही. ते टणक आणि बंद. जमिनीतून भिंतीत चढलेली किंवा चिरेतून शिरलेली ओल आतच कोंडते. भिंत बाहेरून चकचकीत दिसते आणि आतून ओली राहते. भिंतीत घातलेल्या तुळईचं टोक आधी कुजतं. काही वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा सुटतो, तेव्हा तो जांभ्याचा थरही घेऊन पडतो. 'पक्कं काम' म्हणून केलेली दुरुस्ती घराला अशी महागात पडते.

चुन्याच्या कामाला मात्र वेळ लागतो. चुना भिजवून मुरवावा लागतो, वाळू किंवा विटांची सुरखी घालून मळावा लागतो, थर पातळ द्यावे लागतात आणि ते सावकाश सुकू द्यावे लागतात. म्हणजे हे काम पाऊस संपल्यावर सुरू करून उन्हाळ्यापर्यंत आटपायचं काम आहे. सरकारी निधीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. कामाचा आदेश मार्च-एप्रिलमध्ये हातात आला, तर मिरग दीड-दोन महिन्यांवर असतो. मग घाई, आणि घाईत सिमेंट. त्यामुळे जुन्या घराच्या दुरुस्तीत पैसा किती मंजूर झाला एवढंच विचारून चालत नाही. तो कोणत्या महिन्यात मिळाला, हेही विचारलं पाहिजे.

कोणत्या सालचं घर ठेवायचं?

आणखी एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आज कोकणी घर म्हटलं की लाल मंगलोरी कौलं डोळ्यांसमोर येतात. पण मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. टिळक जन्मले तेव्हा ही कौलं बाजारातच नव्हती. त्या काळी घरांवर कुंभाराने केलेले अर्धगोल नळे असत, नाहीतर गवत.

मग मंगलोरी कौलं असलेल्या घरावरून ती काढून नळे घालायचे का? जाणकारांमध्ये साधारण मान्य असलेला नियम असा की घरात पुढे झालेले जुने बदलही त्याच्या इतिहासाचा भाग असतात. ते सरसकट खरवडून काढायचे नाहीत. जे टिकलंय ते टिकवायचं, जे कुजलंय तेवढंच बदलायचं, आणि बदललं त्याची नोंद ठेवायची. अख्खा वासा काढण्याऐवजी कुजलेलं टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देता येतो. नवं करून जुनं भासवणं हे जतन नव्हे.

कायदा काय सांगतो?

राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो, आणि त्यांची जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असते. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती मागवतात, मग अंतिम अधिसूचना होते. संरक्षित झालं म्हणजे घर सरकारच्या मालकीचं झालं असं नाही. मालकी खासगी ठेवून मालकाशी करार करण्याची सोय कायद्यात आहे.

शंभर मीटरच्या आत बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी, हा नियम मात्र केंद्र संरक्षित स्मारकांचा आहे, २०१० च्या दुरुस्तीतून आलेला. तो राज्य स्मारकांना जसाच्या तसा लागू नाही. 'घर संरक्षित झालं तर अख्ख्या वाडीला संडास बांधता येणार नाही', ही भीती गावोगाव ऐकू येते. तिची शहानिशा न करता विरोध करण्यात अर्थ नाही.

टिळकांचंच उदाहरण

जुनी वास्तू जपायची कुणी, याचं उत्तर टिळकांनी स्वतःच्या कामातून दिलं आहे. १८९५ मध्ये रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था त्यांनी केसरीतून मांडली आणि जीर्णोद्धारासाठी लोकांकडून वर्गणी मागितली. साध्या लोकांनीही त्यात भर घातली. १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. जीर्णोद्धार प्रत्यक्षात पूर्ण झाला तो टिळक गेल्यानंतर, १९२० च्या दशकात.

यातून दोन गोष्टी दिसतात. वर्गणी दिलेल्या माणसाला ती वास्तू आपली वाटते. आणि अशा कामाला एक पिढी पुरत नाही, म्हणून हिशोब आणि नोंदी मागे ठेवाव्या लागतात.

गावाने काय करावं?

याच जिल्ह्यात गुहागर तालुक्यातलं कोतळूक हे नामदार गोखल्यांचं जन्मगाव. शिक्षण, शेती, सहकार यात काम केलेली कितीतरी माणसं छोट्या गावांतून आली. त्यांची बरीच घरं आज बंद आहेत. मालक मुंबईला, वाटेकरी दहा, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, दुरुस्तीला कुणाचा हात पुढे येत नाही.

अशा घरासाठी स्मारक घोषित व्हायची वाट बघत बसायची गरज नाही. पुढची कामं कमी खर्चात होतात :

– घराचे आतून-बाहेरून फोटो काढावेत, मोजमाप घेऊन साधा नकाशा करावा. घर पडलं तरी नोंद राहते.

– ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, घरातल्या वयस्कांनी सांगितलेली माहिती एका फाईलमध्ये ठेवावी. पुढे प्रस्ताव करायचा तर हेच कागद लागतात.

– सगळ्या वाटेकऱ्यांची लेखी संमती निदान छप्पर शाकारण्यापुरती तरी घ्यावी. वाटणीचा वाद चालू राहू दे, कौलं त्यासाठी थांबत नाहीत.

– छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटाव्यात. भिंतीत उगवलेला पिंपळ लहान असतानाच मुळासकट काढावा.

– जोत्याभोवती पाणी साचू देऊ नये. वाळवीसाठी लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आजही चालते.

– पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कुणीतरी दार उघडून आत फेरी मारावी. या कामाला पैसे लागत नाहीत, पण नेमका माणूस ठरलेला हवा.

टिळकांची जयंती २३ जुलैला आणि पुण्यतिथी १ ऑगस्टला. दोन्ही दिवस ऐन पावसातले. जन्मस्थानी हार घालायला जाणाऱ्यांनी त्या दिवशी वर छपराकडेही बघावं. कुठे ओल दिसली, कौल सरकलेलं दिसलं, तर फोटो काढून पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. वेळेवर बदललेलं कौल पुढचा पावसाळा काढतं.