हाताशी असलेली मिनिटं

खारघरला घर बघायला आलेल्या माणसाला दलाल पांडवकडा दाखवतो, सेंट्रल पार्क दाखवतो, मेट्रोचं स्टेशन दाखवतो. महापारेषणचं 400 केव्हीचं उपकेंद्र कुणी दाखवत नाही. विचारलंच तर विषय बदलतो. पण 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबईचं सगळं या उपकेंद्राकडे येणाऱ्या एका वाहिनीवर येऊन ठेपलं होतं.

मुंबईला बाहेरून येणाऱ्या विजेच्या मोठ्या वाटा मोजक्याच. त्यातली पुणे-कळवा वाहिनी दोन दिवस आधीपासून बंद होती. कळवा-पडघे वाहिनीच्या दोन सर्किटांपैकी एक त्या दिवशी पहाटे सुटलं. दहाच्या सुमारास दुसऱ्यावर ठिणग्या दिसल्या आणि ते हातानं बंद करावं लागलं. उरली पुणे-खारघर. तिच्यावर भार चढला आणि तीही सुटली. 10 वाजून 5 मिनिटांनी मुंबई अंधारात गेली. ठाणे आणि नवी मुंबईचे भागही. सुमारे 2,200 मेगावॅटचा पुरवठा खंडित झाला. करोनाचे दिवस, म्हणून लोकलमध्ये अत्यावश्यक सेवेतलेच लोक होते. ते रुळांवरून चालत निघाले. घरोघरी ऑनलाइन तास मधेच थांबले.

तारेत वीज साठत नाही. जेवढी वापरली जाते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा ताळा जमतोय की नाही, हे सांगणारा आकडा एकच: 50 हर्ट्झ. औष्णिक केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला 3,000 फेरे घेतं, तेव्हा हा आकडा साधतो. भार वाढला की टर्बाइन दमतं, आकडा खाली येतो, आणि गव्हर्नर वाफेची झडप उघडतो. (हा गव्हर्नर राजभवनातला नव्हे. जेम्स वॅटनं 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा जो नियामक बसवला, त्याचा वंशज. न विचारता, न बोलता काम करणारा.) त्याच्याही आवाक्याबाहेर गेलं तर रिले. सेकंदाच्या अंशात तो ठरवतो आणि ब्रेकर उघडतो. वाहिनी वाचते, शहराचं काय होईल, ते त्याला माहीत नसतं.

ते माहीत असायला हवं माणसाला. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चोवीस तास पाळीवर बसलेली माणसं ही. कुठलं केंद्र किती चालवायचं, कुठल्या भागाचा भार कमी करायचा, हे तिथून फोनवर सांगितलं जातं. त्यांचं खरं भांडवल म्हणजे हाताशी असलेला वेळ.

त्याच वर्षीचा 5 एप्रिल आठवा. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायचं आवाहन झालं होतं, तेही दोनच दिवस आधी. देशाची मागणी 12-13 हजार मेगावॅटनं उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे 31,000 मेगावॅटनं उतरली. तरीही जाळं टिकलं, कारण जलविद्युत केंद्रं आधीच वर चढवून ठेवलेली होती आणि ऐन वेळी ती झपाट्यानं उतरवता आली. पाण्याचं यंत्र सांगितलेलं लगेच ऐकतं; कोळशाचं ऐकत नाही. अंदाज अडीचपट चुकूनही दोन दिवसांच्या तयारीनं सावरून घेतलं. ऑक्टोबरात शेवटच्या टप्प्याला हाताशी मिनिटंच होती.

अशा वेळेसाठी मुंबईकडे 1981 पासून आयलंडिंगची सोय होती: बाहेरचं जाळं कोसळू लागलं की शहर त्यापासून आपोआप तुटावं आणि ट्रॉम्बे-डहाणूच्या केंद्रांच्या विजेवर तगावं. त्या सकाळी शहर तुटलं खरं, पण आतली निर्मिती आणि भार यांचा मेळ बसला नाही आणि आतले संचही बंद पडले. बेट झालं, तेही बुडालं.

पुढे चिनी सायबर हल्ल्याची चर्चा झाली. राज्याचे गृहमंत्री घातपाताची शंका बोलून दाखवत होते, केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणत होते. दूरच्या शत्रूला दोष देणं सोपं असतं. मला मात्र त्याहून जास्त बोलका वाटतो तो हातानं बंद केलेला ब्रेकर. समोर ठिणग्या उडत असताना वाहिनी चालू ठेव, असं यार्डातल्या माणसाला कोण सांगणार? त्याचा निर्णय त्याच्या जागी बरोबरच असू शकतो. प्रश्न आहे तो त्याच्या आधीच्या काही तासांचा, एकाच सर्किटवर काढलेल्या सकाळचा.

त्या काळी 400 केव्हीची वीज कळवा-खारघरसारख्या शहराबाहेरच्या उपकेंद्रांपर्यंतच येई आणि मुंबईत शिरायची ती 220 केव्हीवर उतरून. ऑक्टोबर 2023 मध्ये खारघर-विक्रोळी वाहिनी सुरू झाली आणि विक्रोळीला 1,500 एमव्हीएचं उपकेंद्र उभं राहिलं. 400 केव्ही पहिल्यांदा थेट मुंबईत पोचलं, खारघरहून.