दोन मिलिमीटर हाड

संपादकांनी पाठवलं होतं तंबोऱ्यासाठी. 2024मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर गल्लीत काय चाललंय ते बघून या, म्हणाले. मी गेलो आणि दुपारभर एक गिटार बघत बसलो.

सतारमेकर गल्लीचा इतिहास आता पाठ म्हणून दाखवण्याइतका घोटला गेलाय. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, सोलापूर जिल्ह्यातून भोपळे येऊ लागले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, आणि गाव गवयांचं झालं.

मी शिरलो त्या दुकानात भिंतीला तंबोरे टेकलेले होते. पण सत्तरीकडे झुकलेल्या चाचांच्या मांडीवर होती पोलादी तारांची गिटार. ती घेऊन आलेला सांगलीचा इंजिनिअरिंगचा पोरगा बोटांची टोकं दाखवत होता. "चाचा, तारा लई वर आहेत. दाबून दाबून बोटं सोलली."

चाचांनी बाराव्या पडद्याशी स्टीलची पट्टी उभी धरली. जाड तार पडद्यापासून 3.6 मिलिमीटर वर. अडीचच्या आत असती, तर पोराची बोटं शाबूत राहिली असती. मग त्यांनी ब्रिजच्या खाचेतली पांढरी पट्टी पकडीनं उपटली. ही सॅडल. तारांचा सगळा भार हिच्यावर, आणि तारांची थरथर गिटारच्या पोटात उतरते तीही हिच्यातूनच. जुनी प्लास्टिकची होती. तिच्या जागी बसणार होतं हाड.

हिशेब सोपा आहे, पण तिथेच लोक फसतात. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. त्यामुळे सॅडल दोन मिलिमीटर उतरवली, तर तिथे तार एकच मिलिमीटर उतरते. पोराला हवी होती 1.2 मिलिमीटर उतरण, म्हणजे सॅडलमधून 2.4 जायला हवे. आणि ब्रिजच्या वर ती दिसत होती जेमतेम 3.4 मिलिमीटर. चाचांनी नुसतीच मान हलवली.

हाडाचा तुकडा त्यांनी आधी जाडीला घासला. खाचेत तो बोटाच्या दाबानं बसला पाहिजे. ठोकून बसवला तर ब्रिज चिरतो, सैल राहिला तर तारांच्या ओढीनं पुढे कलतो. मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर हाड उभं धरलं आणि खालची कड घासायला घेतली. उंची खालून कमी करायची. कारण वरच्या कडेवर कमान असते आणि प्रत्येक तारेची टेकायची जागा ठरलेली असते. तार दाबली की ताणली जाऊन सूर किंचित चढतो, म्हणून जाड तारांना जरा जास्त लांबी द्यावी लागते. सॅडल तिरकी असते ती याचसाठी. चार वेळा घासून ते हाड काचेवर ठेवायचे आणि उजेडाकडे बघायचे. खालून रेघभर उजेड दिसला, की पुन्हा घासणं सुरू.

"तंबोऱ्याला याच्या उलटं," एकदा ते म्हणाले. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती. तार तिच्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. खाली सूत सरकवलं की जवारी, म्हणजे तारेची गुणगुण, खुलते. सी. व्ही. रामन यांना या घोडीनं इतकं खुणावलं, की 1921च्या निबंधात त्यांनी दाखवलं : तार छेडली त्या जागेमुळे जे स्वरांश उमटूच नयेत, ते तंबोऱ्यात उमटतात. गिटारला मात्र तार एकाच धारेवरून सुटायला हवी. धार बोथट झाली, की तीच गुणगुण दोष ठरते.

खरी अडचण सॅडलमध्ये नव्हतीच. चाचांनी लांब पट्टी पडद्यांवर ठेवून ब्रिजकडे सरकवली. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला घासून जायला हवं होतं; ते बरंच खाली जाऊन अडलं. मानेचा कोन पुढे आला होता. सहा तारा मिळून सत्तरेक किलोंनी मानेला ओढत असतात, रात्रंदिवस. त्यात पोरगा गिटार उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा, मग सरस नरम पडतो. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं, ब्रिजमागचं पोट वर येतं. खरा उपाय म्हणजे मान सोडवून कोन दुरुस्त करून पुन्हा बसवणं. त्याला या गिटारच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतील, असं चाचांनी स्वच्छ सांगितलं.

"मग अजून घासा की," पोरगा म्हणाला.

"घासतो. पण तार हाडावरून नीट खाली वळली नाही, तर दाब देणार नाही. आवाज मेलाच म्हण."

शेवटी 1.4 मिलिमीटर काढले. ब्रिजवर हाड उरलं दोन मिलिमीटर, बाराव्या पडद्याशी तार आली 2.9वर. हवी तेवढी खाली नाही, पण पोरानं आडवं बोट टाकून सहाही तारा दाबल्या आणि तोंड वाकडं केलं नाही. जाड तार जोरात छेडल्यावर तिसऱ्या पडद्याशी बारीक झणझण आली. चाचांचा कान लगेच तिकडे वळला.

"हीच तंबोऱ्यात निघाली असती, तर तुझ्याकडून दुप्पट घेतले असते," म्हणत त्यांनी तार सैल केली, सॅडल पुन्हा उपटली आणि धारेवर कानस लावली.

निघताना त्यांनी प्लास्टिकची जुनी सॅडल कागदात गुंडाळून पोराच्या खिशात घातली. "टाकू नको. मान कधी दुरुस्त केलीस, तर उंची परत लागेल. घासलेलं हाड वाढत नाही."