काचेतली हिरवळ : ऐकीव काय, खरं काय

टाकीतले मासे मेले तर माणूस दुकानदाराला बोल लावतो. टाकीतली झाडं कुजली तर मात्र स्वतःलाच लावतो : ‘आपल्याला नाही जमत, त्याला महागाचे दिवे लागतात.’ पेडणे असो की डिचोली, घरच्या टाकीत प्लास्टिकची झाडं येतात ती बहुधा या समजुतीपायीच. खरं तर बाराही महिने उबदार असलेल्या गोव्यात पाणवनस्पती वाढवणं बर्लिनपेक्षा सोपं जायला हवं. तसं होत नाही, कारण आपण झाड निवडतो ते मोबाइलवरचं चित्र पाहून. आपल्या विहिरीचं पाणी पाहून कोणी निवडत नाही.

‘पाणी ते पाणीच, त्यात काय बघायचं?’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. डिचोली तालुक्यातल्या जांभ्याच्या पट्ट्यातली विहीर घ्या. लाखो वर्षांच्या पावसाने या दगडातला चुना, मॅग्नेशियम वगैरे कधीच धुऊन नेलेलं आहे. मागे राहिलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून या विहिरींचं पाणी मऊ असतं, क्षार कमी आणि गुण किंचित आम्लाकडे झुकणारा. पेडण्यात मोप्याच्या सड्याखालीही तोच जांभा. पण तिथून पश्चिमेला मांद्रे, मोरजी, हरमल या बाजूला उतरलात की वाळूतल्या विहिरी लागतात. त्या वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्यातला चुना पाण्यात उतरतो. खाडीला लागून असलेल्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणाही येऊ शकतो. म्हणजे एकाच तालुक्यात दोन-तीन प्रकारचं पाणी.

झाडाला याचं काय? झाडाला कर्ब लागतो, आणि पाण्यात तो सहज मिळत नाही. हवेशी समतोल साधलेल्या लिटरभर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट ही झाडं त्यावर तोड काढतात : पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती कर्ब ओढून घेतात. हे बायकार्बोनेट चुन्याच्या पाण्यात भरपूर, जांभ्याच्या पाण्यात नावाला. म्हणून मांद्र्याच्या विहिरीवर फोफावणारी वॅलिस्नेरिया डिचोलीला आणली की महिनाभरात पिवळी पडू शकते, आणि दोष जातो खताला. उलट क्रिप्टोकोरिनच्या बऱ्याच जाती, अनुबियास आणि जावा मॉस यांना मऊ पाणी मानवतं.

पाणी ओळखायला प्रयोगशाळा नको. साबणाला पटकन आणि भरपूर फेस येत असेल तर पाणी मऊ. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरं किटण धरत असेल तर कठीण. मऊ पाण्यात वॅलिस्नेरिया हवीच असेल, तर जेवणातल्या तिसऱ्यांची शिंपली उकळून, घासून मूठभर फिल्टरमध्ये ठेवावीत. ती हळूहळू विरघळतात आणि पाण्याला थोडा चुना देतात. खाडीकाठच्या घरी किंचित खारट पाणी असेल तर ब्राह्मी लावा, आपली औषधातलीच. दुकानात ती ‘बाकोपा’ म्हणून मिळते आणि थोडा खारटपणा सहन करते. नळाचं पाणी असेल तर ते भरून दिवसभर उघडं ठेवा, एअर पंप सोडून ठेवा. झाडांना क्लोरीनचा थोडा अंश चालून जातो, माशांना नाही.

‘लाल मातीत लोह आहे, ती घातली की झाडं लाल होतात’

डिचोलीत हा समज नसता तरच नवल. डोंगरच्या डोंगर लोहखनिजाचे. पण यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार गमतीचं आहे.

जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने. मलबारातला हा दगड पाहून त्याने 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात हे नाव वापरलं. याच बुकाननने 1822 मध्ये गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात झेब्रा डॅनिओचं वर्णन केलं, जो आज जगभरच्या टाक्यांत पळतो. दगड आणि मासा एकाच माणसाने जगाला दाखवले! पुढे 1980 च्या दशकात जर्मनीत होर्स्ट आणि किपर या मत्स्यालयतज्ज्ञांनी टाकीच्या तळाला जांभ्याचा थर द्यावा असा पुरस्कार केला, आणि डुप्ला ही कंपनी टाक्यांसाठी जांभा पाकिटांत भरून विकू लागली. आपल्या अंगणातली माती युरोपात पैसे मोजून घेतली जात होती.

मग ती उपयोगी आहे का? आहे, पण वाळूखाली. जांभ्यातलं लोह गंजलेल्या रूपात असतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि झाडाला घेता येत नाही. तळाच्या थरात, वाळूखाली, प्राणवायू कमी पडला की तिथले जिवाणू त्याचं विरघळणारं रूप करतात आणि मुळांना ते मिळतं. नुसत्या लाल मातीत नत्र आणि पालाश तुटपुंजं, आणि स्फुरद तर ही माती स्वतःच धरून बसते. तेव्हा परसातल्या काळसर, बिनखताच्या मातीचा बोटभर थर, त्यात मूठभर लाल माती, आणि वर धुतलेल्या जाड रेतीचे दोन-तीन बोटं, एवढं पुरतं. शेण मात्र घालू नका. ते पाण्यात सडतं आणि मासे मारतं.

खाणीच्या ढिगाऱ्यावरचा गाळ आणू नका, हे वेगळं सांगतो. तो इतका बारीक असतो की एक मूळ उपटलं तरी टाकी दोन दिवस लाल राहते. किनाऱ्यावरची रेतीही नको : तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, आणि मोरजीच्या वाळूत कासवं अंडी घालतात, ती वाळू त्यांचीच राहू दे.

राहिला लाल रंगाचा प्रश्न. पानाचा लाल रंग हा त्या जातीचा स्वभाव असतो. तो खुलतो तो भरपूर उजेडात, आणि पुष्कळदा पाण्यात नत्र जरा कमी असताना. हिरव्या वॅलिस्नेरियाला कितीही लोह पाजलं तरी ती लाल होणार नाही.

‘दुकानात पाण्यात ठेवलंय, म्हणजे पाण्यातलंच झाड’

लकी बांबू बांबू नव्हे आणि पाणवनस्पतीही नव्हे. तो मध्य आफ्रिकेतला ड्रॅसिना. तो, सिंगोनियम, स्पॅथिफायलम, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस आणि मोंडो गवत ही सगळी पुरी बुडवून विकली जातात. दीड-दोन महिने तग धरतात, मग खोडातून सडतात, आणि सडताना पाणी नासवतात. ओळखायची एक साधी खूण : झाड पाण्याबाहेर काढा. खऱ्या पाणवनस्पतीची पाण्यात वाढलेली पानं ओल्या कापडासारखी लोळतात. ताठ उभं राहणाऱ्या जाड, मेणचट पानांवर संशय घ्यावा. अनुबियास याला अपवाद, त्याची पानं चिवट असूनही ते बुडवून चालतं. मनीप्लांटचं म्हणाल तर त्याची फक्त मुळं पाण्यात आणि पानं टाकीबाहेर ठेवा, माशांच्या विष्ठेतून येणारं नायट्रेट ते झपाट्याने शोषून घेतं.

‘आठ दिवसांत पानं विरघळली, म्हणजे फसवलं’

इथे मात्र दुकानदार बऱ्याचदा निर्दोष असतो. क्रिप्टोकोरिन, अमेझॉन स्वॉर्ड, हायग्रोफिला ही मूळची ओढ्याकाठची, पावसाळ्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी झाडं. रोपवाटिकांमध्ये ती सहसा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तिथे ती लवकर वाढतात आणि त्यांवर शेवाळ धरत नाही. हवेतलं पान पाण्यात नीट काम करू शकत नाही, म्हणून झाड ते टाकून देतं आणि नवं, पातळ पान काढतं. क्रिप्टोकोरिन तर पाणी किंवा जागा बदलली तरी सगळी पानं गाळून बसतं. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर गळलेलं तेवढं उचलून टाका आणि चार-सहा आठवडे हात लावू नका. रोज उपटून ‘मूळ धरलं का’ बघणाऱ्याच्या टाकीत ते कधीच धरत नाही.

अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड मात्र रेतीत पुरायचं नसतं. पुरलं की कुजतं. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा.

‘परदेशी टाकीसारखं सगळं इथेही करायचं’

टाकीबरोबर हीटर गळ्यात मारला जातो. गोव्यात त्याची गरज क्वचितच पडते. आपला प्रश्न उलटा आहे : एप्रिल-मे महिन्यांत टाकीतलं पाणी सहज तिशीच्या वर जातं. पंचवीस अंशांवर लिटरभर पाण्यात सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसात. तेवढ्यात मासे आणि झाडांचा श्वासोच्छ्वास मात्र वाढलेला असतो. थंड पाण्यात रमणारे अनेक मॉस आणि ब्राझिलियन एलोडिया या काळात माना टाकतात. आपल्या उन्हाळ्याला पुरतील अशी झाडं म्हणजे वॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, लिम्नोफिला, ब्राह्मी, सेराटॉप्टेरिस हे पाणनेचे, आणि क्रिप्टोकोरिन वेंडटाय. झाकण काढून छोटा पंखा पृष्ठभागावर सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पावसाळी दमट हवेत तेवढे उतरत नाहीत.

सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडणं हे हौसेचं काम आहे, गरजेचं नव्हे. वर सांगितलेल्या झाडांना तो लागत नाही. उजेडाचंही तेच : पांढऱ्या एलईडीचे सहा ते आठ तास पुरतात. बारा तास दिवा किंवा खिडकीचं ऊन म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

‘झाडं रात्री प्राणवायू खातात’, ‘झाडं असली की पाणी बदलायला नको’

दोन्ही समजांचं उत्तर 1850 सालचं आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ठेवली, आणि तो प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीसमोर मांडला. झाड प्राणवायू देतं आणि मासे जगतात, हे त्यात दिसलं. पण काही काळाने कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने पाणगोगलगायी सोडल्या; त्यांनी कुजकं खाल्लं आणि भांडं सावरलं. म्हणजे झाडांनी टाकी आपोआप स्वच्छ राहते असं नाही, कुजकं काढणारं कोणीतरी लागतंच, गोगलगाय किंवा तुम्ही. झाडं अमोनिया झपाट्याने घेतात, त्यामुळे पाणी बदलायचं प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. रात्री झाडंही श्वास घेतातच, पण बेताच्या झाडोऱ्याने मासे गुदमरत नाहीत. मे महिन्यातल्या रात्री वीज गेली आणि टाकी माशांनी खचाखच भरलेली असली, तर मात्र दोष झाडांचा नसून गर्दीचा असतो.

‘व्हाळातून फुकट आणलेलं सगळ्यात उत्तम’

हा समज मला आवडतो, म्हणूनच त्याची चिकित्सा जरा कडक करावी लागते. जगाच्या टाक्यांत मिरवणारी कितीतरी झाडं आपल्याच ओढ्यांतली. पश्चिम घाटाच्या ओढ्यांत, भाताच्या शेतांच्या कडेला क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस वाढतात. पण ‘आपलं’ म्हणजे ‘सोपं’ असं नव्हे. रोटाला मॅक्रँड्रा दक्षिण भारतातलीच, तरी टाकीत ती भल्याभल्यांना रडवते. सड्यावर पावसाळ्यात फुलणाऱ्या यूट्रिक्युलेरिया आणि इरिओकॉलन यांचं तर आयुष्यच एका पावसाचं; त्या टाकीत आणणं म्हणजे मारायला आणणं. कासच्या पठारावरचा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, जगात फक्त सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांवर उगवतो, तो उपटायचा विचारही करू नये. डिचोलीला लागूनच असलेल्या सत्तरीत म्हादई अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यातून झाड उचलता येत नाही. गावच्या शेतातली वॅलिस्नेरिया किंवा हायड्रिलाची एखादी फांदी आणायला हरकत नाही, पण आधी ती तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊन, पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवा. जळू, चतुराच्या अळ्या आणि गोगलगायी तिथेच सापडतील. चतुराची अळी गप्पीची पिल्लं खाते.

उलटा रस्ता त्याहून घातक आहे. आपली हायड्रिला 1950 च्या दशकात टाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तिने तिथले कालवे भरून टाकले. आपली हायग्रोफिलाही तिथे उपद्रवी ठरली. दक्षिण अमेरिकेतल्या सॅल्व्हिनिया आणि जलपर्णी यांनी आपल्याकडे तेच केलं, आणि केरळात कबोंबानेही. हॉर्नवर्ट, सॅल्व्हिनिया, कबोंबा यांचा बोटभर तुकडाही पुन्हा झाड होतो. मये तलावाच्या काठी किंवा घरामागच्या व्हाळात टाकीचं पाणी ओतणाऱ्याला हे माहीत नसतं.

सुरुवात करणाऱ्याने एवढंच करावं : मऊ पाणी असेल तर क्रिप्टोकोरिन आणि अनुबियास, कठीण असेल तर वॅलिस्नेरिया, खारटसर असेल तर ब्राह्मी. टाकीचं जुनं पाणी झाडांच्या आळ्यात ओता, छाटलेल्या फांद्या उन्हात कडकडीत वाळवून माडाच्या मुळाशी टाका, आणि व्हाळात एक काडीही जाऊ देऊ नका.