फट, भेग आणि तडा : दाराच्या चौकटीजवळचा एक पाठ



एका वर्षी गणपतीच्या आधी आमच्या जोगेश्वरीच्या घराला रंग दिला. बेडरूमच्या दाराची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये एक लांबलचक फट होती. पेंटरने तिच्यात लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, वरून रंगाचे दोन हात दिले. गणपती आले तेव्हा चौकट अगदी नवीकोरी दिसत होती. होळीच्या सुमारास मात्र तीच रेघ त्याच जागी पुन्हा उमटली. सातवीतली माझी मुलगी म्हणाली, "आई, रंग नवा आहे ना? मग फट जुनीच कशी?"

प्रश्न साधा होता, पण "पेंटरने नीट काम केलं नाही" एवढं सांगून मला तो मिटवावासा वाटला नाही. कारण पेंटरची चूक नव्हतीच. चूक होती ती वस्तू निवडण्यात आणि वेळ निवडण्यात. तेच आज जरा सविस्तर बघू या. घरी उपयोगी पडेल आणि वर्गातही.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्या भाषेत यासाठी तीन वेगवेगळे शब्द आहेत, पण बोलताना आपण ते सरमिसळ वापरतो.

फट म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंमधली मोकळी जागा. दाराची चौकट आणि भिंत, खिडकीची फ्रेम आणि ग्रॅनाइट, स्कर्टिंग आणि भिंत, बीडिंगची पट्टी आणि कपाट. या वस्तू मुळातच वेगळ्या असतात, म्हणून त्यांच्यात फट पडते.

भेग म्हणजे एकाच वस्तूच्या पृष्ठभागावरची बारीक चीर. टाचेला भेग पडते, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, तशीच प्लास्टरवर केसासारखी रेघ येते.

तडा म्हणजे वस्तू आतपर्यंत दुभंगणे. काचेला तडा जातो, कपाला तडा जातो. आपण "मैत्रीला तडा गेला" म्हणतो, "मैत्रीला भेग पडली" म्हणत नाही. भाषेला फरक बरोबर कळतो!

या तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. फटीत ताणला जाणारा सीलंट भरायचा, भेगेत लांबी किंवा पुट्टी भरायची, आणि तड्याला आपण हात लावायचा नाही, जाणकार माणसाला बोलवायचं. सगळा लेख या एका वाक्यात आला. आता त्यामागचं कारण.

फट पुन्हा पुन्हा का उघडते?

लाकूड झाडाचं असतं, आणि झाड तोडलं तरी लाकूड हवेतलं पाणी शोषायचं आणि सोडायचं थांबत नाही. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा दमट असते, तेव्हा लाकूड फुगतं. म्हणून पावसाळ्यात दार घासतं, कडी लागत नाही. डिसेंबरपासून हवा कोरडी होत जाते आणि लाकूड आटतं.

यात एक गंमत आहे. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलतच नाही, आडव्या दिशेने मात्र चांगलंच बदलतं. चौकटीची १०० मिलिमीटर रुंदीची फळी फक्त १ टक्का आटली तरी १ मिलिमीटर कमी होते. शेजारची विटांची भिंत तेवढी हलत नाही. एक हलतो, दुसरा हलत नाही, मग दोघांच्या मध्ये जे असेल त्याला ताण सोसावा लागतो.

लांबी, पीओपी, व्हाइट सिमेंट हे सगळे वाळल्यावर कडक होतात. दाब बऱ्यापैकी सोसतात, पण ताण आला की तुटतात. आमच्या फटीचं नेमकं हेच झालं. वर आम्ही काम केलं ऑगस्टमध्ये, म्हणजे लाकूड पूर्ण फुगलेलं आणि फट सगळ्यात अरुंद असताना! जी फट वर्षभरात सगळ्यात लहान होती तिचंच माप घेऊन आम्ही ती भरली. पुढे ती रुंदावणारच होती.

आपल्याकडे गणपतीच्या आधी रंग द्यायची पद्धत आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. रंग द्या. पण लाकूड आणि भिंत यांच्यातल्या फटी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर भरा. फट बऱ्यापैकी उघडलेली असते, भिंत सुकलेली असते आणि सीलंट चांगला चिकटतो. पुढच्या पावसाळ्यात तो दाबला जातो, आणि दाबला जाणं त्याला ताणलं जाण्यापेक्षा सोपं जातं.

जुनी युक्ती, नवी नळी

हलणाऱ्या दोन वस्तूंच्या मध्ये मऊ काहीतरी भरायचं, ही युक्ती किनाऱ्यावरच्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत तेल आणि राळ लावलेला कापूस ठोकून बसवत. फळ्या पाण्यात फुगल्या की सांधा आणखी घट्ट होई. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. घरातला सीलंट हा त्याच कापसाचा आजचा अवतार समजा.

हार्डवेअरच्या दुकानात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

ॲक्रिलिक सीलंट : पाण्यात मिसळणारा. ओला असताना ओल्या फडक्याने पुसता येतो आणि सुकल्यावर त्यावर रंग बसतो. चौकट, स्कर्टिंग, बीडिंग, म्हणजे घरातल्या कोरड्या जागांसाठी हाच घ्यावा. यातलं पाणी उडून गेलं की तो घट्ट होतो, म्हणून सुकताना थोडा आत बसतो आणि दमट हवेत सुकायला वेळ घेतो.

सिलिकॉन सीलंट : रबरासारखा, पाण्याला न जुमानणारा. चांगल्या प्रतीचा सिलिकॉन सांध्याच्या रुंदीच्या साधारण पाव हिश्श्याइतकी हालचाल सोसतो. सिंक, बेसिन, बाथरूम यांसाठी उत्तम. पण त्यावर रंग बसत नाही, तेव्हा चौकटीला लावून फसू नका.

मुलांना इथे एक छान गोष्ट सांगता येते. ॲक्रिलिक पाणी सोडून घट्ट होतं, तर सिलिकॉन हवेतली वाफ घेऊन घट्ट होतं! काही सिलिकॉनना लावताना व्हिनेगरचा वास येतो, कारण घट्ट होताना त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडतं. असा सिलिकॉन संगमरवराला लावायचा नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर आम्लाचा डाग पडतो. त्यासाठी 'न्यूट्रल' लिहिलेली नळी मागा.

काम कसं करायचं?

१. फटीतली जुनी लांबी, धूळ, सुटा रंग पातळ पत्र्याने खरवडून काढा. ब्रशने झाडा, फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. निम्मं यश इथेच आहे. धुळीवर लावलेला सीलंट धुळीलाच चिकटतो, भिंतीला नाही.

२. जुन्या घरात रंग खरवडताना जपा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कडक मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका, पाणी लावून वॉटर पेपरने घासा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

३. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा.

४. फट ५-६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर आधी आत फोमची गोल दोरी दाबून बसवा. सीलंट दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटला पाहिजे, तळाला नाही. तिन्हीकडे चिकटला तर त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि तो फाटतो. फार रुंद फट असेल तर सुताराकडून बीडिंगची पट्टी मारून घ्या आणि फक्त पट्टीच्या कडा भरा. आपल्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात अशा कामाचे सुतार असतात.

५. नळीचं टोक तिरकं, ४५ अंशात आणि फटीच्या मानाने बारीक कापा. मोठं भोक लहान करता येत नाही! कापायचं काम मोठ्यांनीच करावं.

६. गन एका गतीने ओढत एक सलग रेघ घाला. ओल्या बोटाने एकदाच, हलक्या दाबाने फिरवा. पुन्हा पुन्हा बोट फिरवलं की काम बिघडतं.

७. सीलंट ओला असतानाच टेप काढा. सुकल्यावर काढली तर कड फाटते. रंग कधी लावायचा ते नळीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. घाई केली तर रंगालाच भेगा पडतात.

किती लागेल? गणिताचा तास

दाराची उंची २.१ मीटर, रुंदी ०.९ मीटर धरू. चौकटीच्या एका बाजूची फट = २.१ + २.१ + ०.९ = ५.१ मीटर. दोन्ही खोल्यांकडून मिळून १०.२ मीटर, म्हणजे १०२० सेंटिमीटर. सीलंटच्या रेघेचा छेद ५ मिलिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण धरला, तर क्षेत्रफळ १२.५ चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.१२५ चौरस सेंटिमीटर. घनफळ = १०२० × ०.१२५ = १२७.५ घन सेंटिमीटर, म्हणजेच १२७.५ मिलिलिटर. नळीत २८० मिलिलिटर असेल तर एका नळीत दोन दारं होतात आणि थोडा सीलंट उरतो. "त्रिकोणाचं क्षेत्रफळ कशाला शिकायचं?" या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला तरी अजून सापडलेलं नाही.

खिडकीचा घोटाळा

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला, बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. पाऊस आला की बरेच जण "इथूनच पाणी येतंय" म्हणून ती सिलिकॉनने बुजवतात. प्रत्यक्षात ती भोकं पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली असतात. ती बुजवली की पट्टी भरते आणि पाणी घरात येतं. ती काडीने साफ ठेवा. फ्रेम आणि भिंत यांच्यामधली फट बुजवायची असेल तर ती बाहेरून बुजवा. आतून बुजवली तर पाणी भिंतीतच अडकतं आणि ओल दुसरीकडून फुटते. बाहेरचं काम मात्र बिगाऱ्याकडून, नीट बांधलेल्या परांचीवरूनच करून घ्या. खिडकीतून वाकून कुणीही करू नये.

आणि तडा?

आता ज्यासाठी हा लेख खरं म्हणजे लिहायला घेतला, ती गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरात छताच्या बीमला लांब चीर होती, तिच्या कडेला तांबूस डाग होते. सणाच्या आधी पुट्टी भरली, रंग दिला, घर सुंदर दिसू लागलं. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी प्लास्टरचा मोठा तुकडा पलंगावर पडला. त्याच पलंगावर त्या घरातला मुलगा रोज अभ्यासाला बसतो. त्या दिवशी तो शाळेत होता, म्हणून वाचला.

तांबूस डाग म्हणजे आतली सळई गंजल्याची खूण. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडत बाहेर येतो. समुद्राची खारी हवा आणि गळती यांनी हे काम लवकर होतं. अशा चिरेत पुट्टी भरणं म्हणजे धोक्याची सूचना पुसून टाकणं.

म्हणून या खुणा दिसल्या की सीलंटची नळी खाली ठेवा : बीम, खांब किंवा स्लॅबमध्ये चीर, गंजाचे डाग, ठोकल्यावर पोकळ आवाज, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून वाढत जाणारी चीर, ऋतू कोणताही असो, दार अचानक अडकायला लागणं. सोसायटीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारकच आहे. जोगेश्वरीत अशा इमारती किती आहेत, ते खिडकीतून बघितलं तरी कळेल.

मुलांसाठी उपक्रम

घरातली किंवा वर्गातली एक बारीक भेग निवडा. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. दर महिन्याच्या १ तारखेला बघा, भेग खुणेच्या पुढे गेली का? दाराच्या फटीत पोस्टकार्डाच्या जाडीचे किती कागद जातात ते मोजा. जून ते मे नोंदी ठेवा आणि आलेख काढा. भेग वर्षभर तिथेच राहिली तर ती भरा. पुढे सरकली तर मोठ्यांना सांगा.

आमच्या चौकटीवर माझ्या मुलीने मागच्या होळीपासून नोंदी ठेवल्या. पावसाळ्यात एक कागद कसाबसा जायचा, जानेवारीत तीन सहज गेले. मग आम्ही दोघींनी मिळून फट भरली. गन तिने धरली, बोट मी फिरवलं. रेघ थोडी वाकडी आली आहे, पण यंदाची होळी होऊन गेली तरी अजून सुटलेली नाही. भिंतीवरच्या पेन्सिलच्या तारखा मात्र तिने रंगवू दिल्या नाहीत.

तुमच्या घरी कोणती फट कितव्या महिन्यात उघडते, मुलांना मोजायला सांगा.