सॅनिटायझर आहे ना, मग साबण कशाला?

घरात एकाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की सगळे सॅनिटायझरची बाटली शोधतात. पण तिथे साबणच हवा! कारण मोठं गमतीचं आहे. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं. साबण ते फोडतो, ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलही फोडतं. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसला मात्र ते आवरणच नाही, त्यामुळे तो अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. त्याला फेसात चोळून सुटा करायचा आणि वाहत्या पाण्याने मोरीत घालवायचा. निदान २० सेकंद. बोटांच्या बेचक्या आणि नखांखाली विशेष. (नुसती बोटांची टोकं ओली करून येणाऱ्याला मी पानावर बसू देत नाही.)

आणि एवढं करून हात पुसायचे अख्ख्या घराच्या एकाच कळकट नॅपकिनला? आजाऱ्याचा टॉवेल वेगळा ठेवा. माठात पेला बुचकळू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

बरं वाटल्यावरही निदान दोन दिवस त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये, कारण विषाणू शौचावाटे नंतरही बाहेर पडत असतो. आमच्याकडे तेवढे दिवस पोळ्या मी लाटतो. नकाशे होतात, पण चालतं.