फोटो काढता काढता फ्रेंच क्रियापदं

फ्रान्समध्ये येऊन चार-पाच वर्षं झालेल्या आपल्या बहुतेक घरांत एक गोष्ट सारखीच दिसते. 'बोंजूर' येतं, 'मेर्सी' येतं, बेकरीत बागेत मागता येतो, भाज्यांची नावं तर तोंडपाठ असतात. नामं भरपूर जमतात, गाडी अडते ती क्रियापदापाशी. ऑफिसात इंग्रजीवर निभावतं आणि घरी मराठी असते. मुलं मात्र शाळेत इतक्या झपाट्याने फ्रेंच उचलतात, की त्यांच्या बाईंशी बोलायला आपण त्यांनाच दुभाषी म्हणून पुढे करतो. शेजारच्या आजी लिफ्टमध्ये दोन वाक्यं बोलतात, आपण हसून मान डोलावतो, तेवढ्यात मजला येतो. त्या काय म्हणाल्या ते कळतच नाही.

त्यात आता कागदपत्रांचीही निकड आली आहे. 1 जानेवारी 2026 पासून बऱ्याच जणांना अनेक वर्षांच्या पहिल्या परवान्यासाठी ए-2, दहा वर्षांच्या कार्डासाठी बी-1 आणि नागरिकत्वासाठी बी-2 पातळीचं फ्रेंच दाखवावं लागतं. म्हणजे 'शिकू कधीतरी' म्हणून चालणार नाही.

क्लास लावून सोडलेल्या, क्रियापदांचे तक्ते भिंतीवर चिकटवून कंटाळलेल्या, पण हातात कॅमेरा किंवा बरा फोन असलेल्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. सांगायचं आहे ते एवढंच: फ्रेंच क्रियापदाकडे इंग्रजीच्या रस्त्याने जाऊ नका, मराठीच्या रस्त्याने जा. आणि सरावाला कॅमेरा सोबत घ्या. (इथले उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत. 'ज' जरा मऊ, 'र' घशातून आणि अनुस्वार नाकातून म्हणा. 'त' आणि 'द' मात्र आपलेच, दातांवरचे. इंग्रजीतला 'ट' इथे आणू नका.)

एक क्रियापद, अख्खं कुटुंब

आपण फोटो 'काढतो', फ्रेंच माणूस फोटो 'घेतो'. त्याचं क्रियापद प्रांद्र, म्हणजे घेणे. ज प्रां, त्यू प्रां, इल प्रां: मी, तू, तो. लिहिताना शेवट बदलतो, पण कानाला तिन्ही सारखेच. पुढे नू प्रनों, वू प्रने, इल प्रेन: आम्ही, तुम्ही, ते. एवढं एकदा पक्कं झालं की मेट्रो घेणं, कॉफी घेणं, डॉक्टरांची वेळ घेणं, सगळं याच क्रियापदावर चालतं.

शिवाय त्याची भावंडंही हाताशी येतात. आप्रांद्र म्हणजे शिकणे, कोंप्रांद्र म्हणजे समजणे, स्यूरप्रांद्र म्हणजे चकित करणे आणि रप्रांद्र म्हणजे पुन्हा घेणे. सगळी अगदी प्रांद्रसारखीच चालतात. 'मला समजलं नाही' हे वाक्य आपल्याला रोज लागतं, आणि तेही याच घरातलं: ज ने पा कोंप्री.

कॅमेऱ्याची बाकीची क्रियापदं तर सोपीच आहेत. पाहणे रगार्दे, चौकट धरणे काद्रे, बटण दाबून शटर उघडणे देक्लांशे, कॅमेरा जुळवून घेणे रेग्ले. फ्रेंचमधल्या दहांपैकी नऊ क्रियापदांचा शेवट असा 'ए'चा असतो आणि ती एकाच साच्यात चालतात. एकाचा साचा पाठ करा, बाकीची त्यात ओता.

लाडू खाल्ला, करंजी खाल्ली

आता मराठीचा खरा फायदा पाहा. आपण म्हणतो, मी लाडू खाल्ला, मी करंजी खाल्ली, मी चिरोटे खाल्ले. खाणारी व्यक्ती तीच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदललं. इंग्रजीत असलं काही नाही, म्हणून इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला पुढचा नियम डोंगराएवढा वाटतो.

'मी फोटो काढला' म्हणजे जे प्री यून फोतो. पण 'मी काढलेला फोटो' म्हणायचं असेल तर ला फोतो क जे प्रीझ. 'प्री'चं 'प्रीझ' झालं, कारण फ्रेंचमध्ये फोटो स्त्रीलिंगी आहे आणि इथे ती वाक्यात क्रियापदाच्या आधी आली. मराठीत कर्म कुठेही असलं तरी क्रियापद त्याच्याकडे पाहतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तरच. फरक तेवढाच, रीत आपल्या ओळखीची. अशा बदलांपैकी पुष्कळसे फक्त लिहिण्यात दिसतात, ऐकू येत नाहीत. फोटो घेण्याचं क्रियापद मात्र तो बदल कानाला ऐकवतं. म्हणून हा नियम कानात बसवायला फोटोसारखं उदाहरण नाही.

दुसरी रीत जाण्या-येण्याच्या क्रियापदांची. तो गेला, ती गेली, त्या गेल्या: इथे आपण कर्त्याकडे पाहतो. फ्रेंचमध्येही जाणे, येणे, निघणे, पोचणे, पडणे, चढणे, उतरणे अशी काही क्रियापदं कर्त्याचं लिंग-वचन धरतात. बाईने लिहिलेल्या 'मी गेले'च्या शेवटी एक जास्तीचं अक्षर येतं, पुरुषाच्या 'मी गेलो'ला येत नाही. गंमत म्हणजे ते वाक्य म्हणायचं असं: ज स्वी आले. ऐकायला 'आले', अर्थ 'गेले'! एकदा हसलात की विसरणार नाही.

दोन भूतकाळ, दोन फोटो

सगळ्यांत जास्त दमवतात ते दोन भूतकाळ. एक अँपारफे, दुसरा पासे कोंपोझे. यांचा फरक समजायला फोटोग्राफीच्याच इतिहासातले दोन फोटो पुरेत.

पहिला 1838 मधला. लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचा वरच्या खिडकीतून फोटो घेतला. तेव्हा प्लेटवर प्रकाश कित्येक मिनिटं पडू द्यावा लागे. त्यामुळे येणारी-जाणारी माणसं आणि घोडागाड्या प्लेटवर उमटल्याच नाहीत. दिसतो तो फक्त बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. या फोटोचं वर्णन मराठीत करून पाहा: झाडं उभी होती, ऊन पडलेलं होतं, एक माणूस थांबला होता. सगळीकडे 'होता, होती, होतं'. चालू राहिलेलं, टिकून असलेलं जे असतं त्याचा काळ अँपारफे.

दुसरा 1932 मधला, आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा. पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे पाणी साचलेलं आहे आणि एक माणूस त्यावरून उडी मारतो आहे. टाच पाण्याला टेकायच्या आत शटर पडलं. इथे दोन्ही काळ एकाच चौकटीत येतात. इल्यावे द लो: पाणी होतं. अँ-नॉम आ सोते: एका माणसाने उडी मारली. पाणी अँपारफे, उडी पासे कोंपोझे. मागचा देखावा आणि त्यात घडलेली घटना, असं वाटून टाका.

अडलात तर मराठीला विचारा. 'पडत होता' आलं तर अँपारफे, 'पडला' आलं तर पासे कोंपोझे. 'लहानपणी आम्ही दिवाळीत किल्ला करायचो' यातलं 'करायचो'सुद्धा अँपारफेच: ओं फझे. आणि 'उजेडासाठी मी दोन तास थांबले'? वेळ लांबलचक आहे म्हणून इथे अँपारफे घालायचा मोह होतो. पण मराठीत आपण 'थांबले'च म्हणतो, कारण दोन तास झाले आणि थांबणं संपलं. फ्रेंचही तेच म्हणतं: जे आतांद्यू द-झर. पुस्तकातले अपवाद पुढे शिकता येतील, रोजच्या बोलण्यात हा कौल बहुधा बरोबर निघतो.

विचारल्याशिवाय नको

इमारती आणि पानगळ यांचे फोटो काढून हात बसला की माणसांकडे वळा. खरं बोलणं तिथेच सुरू होतं. फ्रान्समध्ये माणसाच्या खासगी आयुष्याला नागरी कायद्याच्या कलम 9 चं संरक्षण आहे आणि स्वतःच्या छबीवरचा हक्क लोक गंभीरपणे घेतात. चेहरा ओळखू येईल असा कोणाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करणं अंगाशी येऊ शकतं. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारायलाच हवं.

हे बंधन आपल्या फायद्याचंच आहे, कारण विचारायला क्रियापद लागतं. आठवडी बाजारात चीज विकणाऱ्या काकांना म्हणा: एस्क ज पूरे वू प्रांद्र आं फोतो? यातलं 'पूरे' म्हणजे 'शकेन का'मधलं आर्जव. 'ज प' म्हटलं तरी चूक नाही, पण 'पूरे'ने समोरचा माणूस खुलतो. 'वू' म्हणजे आपलं 'तुम्ही'. अनोळखी माणसाला 'त्यू' करायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग आज्ञार्थ येतात: रगार्दे (बघा), सूरिये (हसा), न बूजे पा (हलू नका). आणि शेवटी भविष्यकाळ: ज वू लांवेरे, मी तुम्हाला तो पाठवीन. हे वचन मात्र पाळा. ईमेलने फोटो पाठवला की उत्तर येतं, आणि पुढच्या शनिवारी त्या दुकानात तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, ओळखीचे होता.

आठवड्याला एक फोटो, चार वाक्यं

पद्धत साधी ठेवा. आठवड्यातला एकच फोटो निवडा. वहीत त्याखाली चार वाक्यं लिहा: काय होतं, हवा कशी होती, तुम्ही काय केलंत, आणि पुढच्या वेळी काय कराल. इल्यावे…, इल फझे…, जे प्री… अशी सुरुवात झाली की एका फोटोत तीन काळ येतात. आधी वाक्य मराठीत मनात म्हणा, मग फ्रेंचमध्ये लिहा. महिन्याच्या शेवटी ती सगळी मोठ्याने वाचा. मुलांना तपासायला द्यायला लाजू नका. आईबाबांच्या चुका काढायला त्यांना भलताच उत्साह असतो.

पुढची पायरी म्हणजे फोटो-क्लब. फ्रान्समधल्या बऱ्याच गावांत असे क्लब असतात आणि बहुतेक 1901 च्या संस्था-कायद्याखाली चालतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगावी संस्थांचा मेळावा भरतो, तिथे नावं नोंदवतात. यंदाचा मेळावा होऊन गेला असला तरी मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, चौकशी करायला हरकत नाही. क्लबात एकमेकांचे फोटो पडद्यावर लावून चर्चा होते. कोणीतरी म्हणतं, जोरे काद्रे प्ल्यू सेरे: मी जरा जवळून घेतला असता. बघा, आपलं 'घेतला असता'! व्याकरणाच्या पुस्तकात हा प्रकार शेवटच्या धड्यांत येतो. इथे तो पहिल्याच संध्याकाळी दहा वेळा कानावर पडतो, तोही तुमच्याच फोटोबद्दल.

तेव्हा या दिवाळीत सुरुवात करा. दारात पणत्या लावाल तेव्हा कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर सावकाश उघडा आणि फोटो काढा. मग लिफ्टमधल्या आजींना फराळाचं ताट द्यायला जाल तेव्हा फोनवर तोच फोटो दाखवा आणि म्हणा: से ला फोतो क जे प्रीझ. त्या काहीतरी विचारतील. अर्धंच समजलं तर 'ज ने पा कोंप्री' म्हणा आणि तिथेच थांबा. त्या पुन्हा सांगतील, या वेळी जरा हळू.