दक्षिणेकडे दार असलेलं घर

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडचा पारा 42 अंशांच्या वर जातो, तेव्हा माणसाला निदान घाम फुटतो. कुत्र्याच्या वाट्याला तेवढंही सुख येत नाही. कामाला येईल असा घाम त्याला फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. त्याचं अंग मुळातच 38.5 ते 39 अंशांवर असतं. बाहेरची हवा त्याहून तापली, की वारासुद्धा अंगातली उष्णता नेण्याऐवजी वाढवू लागतो. मग उरते ती जीभ. एरवी संथ श्वास घेणारा कुत्रा मिनिटाला 300 हून जास्त वेळा धापा टाकतो. जिभेवरचं, नाकातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि प्रत्येक ग्रॅम पाणी जाताना सुमारे 580 कॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं. माठ पाझरून गार होतो, तसाच कुत्रा श्वासाने गार होतो. माठ कोंदट खोलीत ठेवला तर पाणी गार होत नाही. बंद पेटीत कुत्र्याचंही तेच होतं. त्याच्याच श्वासाची वाफ पेटीत साठते आणि धापांचा उपयोग संपतो.

अशा जिवासाठी अंगणात लाकडी घर उभं करायचं, तर पहिला विचार उष्णतेचा करावा लागतो. आणि तो करू लागलं, की चार फळ्यांच्या या कामात आकाश, जंगल आणि जमीन, तिन्ही येऊन बसतात.

सुरुवात लाकडापासून करू. लोखंडी पत्रा सागाच्या फळीच्या जवळपास 300 पट वेगाने उष्णता वाहून नेतो. याचं कारण लाकडाच्या आत आहे. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांमधून पाणी वर चढत होतं, त्या फळी वाळल्यावर हवेने भरतात. ही कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडवते. भर उन्हातला पत्रा हात लावू देत नाही आणि शेजारची फळी लावू देते, ती यामुळेच.

लाकडात साग निवडावा, तर यवतमाळ हा सागाचाच जिल्हा. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात आणि टेक्टोक्विनोन नावाचं एक रसायन असतं, जे वाळवीला मानवत नाही. सालीलगतच्या फिक्या लाकडात हे संरक्षण नसतं, म्हणून वाळवी आधी तिथे लागते. सागात सिलिकाही असते. रंध्याचं पातं त्यावर लवकर बोथटतं, हे कुठलाही सुतार सांगेल. मात्र साग स्वतःच्या शेतातला असला, तरी तो तोडायला परवानगी लागते. त्यापेक्षा पाडलेल्या जुन्या घराचे दरवाजे, कड्या, फळ्या घ्याव्यात. कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेलं ते लाकूड नव्या लाकडासारखं वाकत-पिळत नाही.

पावसाळ्यात फळी फुगते, पण रुंदीत आणि जाडीत. लांबीत ती जवळजवळ हलत नाही, कारण लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि ओलाव्याने ते जाड होतात, लांब होत नाहीत. म्हणून भिंतीच्या फळ्या आडव्या लावून वरच्या फळीची कड खालच्या फळीवर चढवावी. फळ्यांना हलायला जागा मिळते आणि पाणीही बाहेरच ओघळतं.

रंगाऐवजी साधं जवसाचं तेल लावावं. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडावर घट्ट थर बसतो. कुत्रं फळी चावणारच, तेव्हा घरात खाल्लं जाणारं तेलच बरं. वाळवीचं विषारी औषध आतून कधीही लावू नये. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. वाळताना हे तेल उष्णता सोडतं आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

आता आकाशाकडे पाहू. उमरखेड साधारण 19.6 अंश उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य 18 मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आसपास इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. त्यानंतर 25 जुलैच्या सुमारापर्यंत, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त काळ, सूर्य इथल्या आकाशात दिवसभर उत्तरेच्याच बाजूला राहतो. तो ईशान्येकडे झुकून उगवतो, वायव्येकडे झुकून मावळतो आणि मधल्या वेळेतही दक्षिणेला उतरत नाही. मेअखेरच्या नवतप्याच्या भर उन्हात दक्षिणेच्या भिंतीवर थेट सूर्यकिरण पडतच नाहीत! दिल्लीत असं कधी घडत नाही. तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही.

हिवाळ्यात चित्र पालटतं. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त 47 अंश वर असतो. दक्षिणेचं दार त्याला सरळ आत घेतं आणि उत्तरेचा गार वारा पाठीच्या भिंतीवर अडतो. मधल्या महिन्यांसाठी दारावर फूटभर छज्जा काढावा. डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली भिंतीवर जेमतेम 13 इंच उतरते आणि दाराचा बराचसा भाग उन्हात राहतो. एप्रिलच्या मध्यावर सूर्य 80 अंशांवर चढतो, तेव्हा त्याच छज्ज्याची सावली साडेपाच फुटांपर्यंत उतरते आणि सगळं दार झाकते. छज्जा जागचा हलत नाही, तरी ऋतू ओळखतो.

पावसाळी वारं प्रामुख्याने पश्चिम-नैर्ऋत्येचं. म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवावी आणि दार मधोमध न काढता पूर्वेच्या कोपऱ्याकडे सरकवावं. छपराचा उतार दारापासून मागे, उत्तरेकडे द्यावा. छप्पर दुहेरी असावं: वर पत्रा चालेल, खाली फळी आणि दोहोंमध्ये दोन इंचांची मोकळी जागा, पुढून-मागून उघडी. पत्रा 60 अंशांच्या पुढे तापला, तरी मधली गरम हवा उताराने वर सरकत पुढच्या कडेने निघून जाते आणि मागून ताजी हवा शिरते. आतली वाफ जायला छपराखाली दोन्ही बाजूंना जाळीची फट ठेवावी.

मध्यम गावठी कुत्र्याला आतून तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच घर पुरतं. जास्त मोठं केल्याने उलट नुकसान होतं. 20 किलोचा कुत्रा स्वस्थ झोपला, तरी त्याच्या अंगातून सुमारे 30 वॅट उष्णता निघत असते. पौषातल्या रात्री आटोपशीर जागा आणि वाळलेलं गवत असलं, की ही ऊब आतच टिकते.

पण जे घर हिवाळ्यात ऊब धरतं, ते उन्हाळ्यातही धरणार. यावरचा उपाय कुत्राच दाखवतो. उन्हाळ्यात तो सावलीतली माती उकरून खळग्यात पोट टेकून झोपतो, कारण काही इंचांखालची माती वरच्या मातीहून बरीच गार असते. म्हणून घराला दीड फुटाचे पाय द्यावेत आणि प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवावा, म्हणजे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहज पोचत नाही. वर थंडी-पावसाची खोली, खाली सावलीतली माती. तेवढ्याच लाकडात दोन मजले मिळतात. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी दाराशी उतरती फळी लावली की झालं.

उमरखेड तालुक्याला पैनगंगा अभयारण्याचं जंगल लागून आहे, तेव्हा बिबट्याचाही विचार हवा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, 39 टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. रानडुकरं आणि रोह्यांपासून रात्रभर शेत राखणाऱ्या या जिवाला आपणही राखलं पाहिजे. जंगलालगतच्या शेतात घर वस्तीजवळ ठेवावं, रात्री लावता येईल असं मजबूत जाळीचं दार बसवावं आणि खालच्या मजल्यावर त्याला रात्री झोपू देऊ नये.

जागा ठरवण्याआधी मात्र काही दिवस कुत्रा सकाळी, दुपारी, रात्री कुठे बसतो ते पाहावं. वारा कुठून येतो, ओल कुठे साचते, कडुनिंबाची सावली कधी सरकते, या सगळ्याचं मोजमाप त्याने नाकाने आणि पोटाने आधीच केलेलं असतं. सूर्याचा हिशेब आपण करू शकतो, कारण तो दरवर्षी तोच असतो. आपल्या अंगणाचा हिशेब त्याला आपल्याहून नीट कळतो. दोन्ही जुळवून उभं केलेल्या घरात त्याला ओढून न्यावं लागत नाही.